जागा एकच, मग बाईचा नंबर कधी?

ग्रामपंचायतीच्या सदस्य बायकांसाठी आम्ही तालुक्याच्या ठिकाणी दोन दिवसांचे शिबिर घेतले होते. दुसऱ्या दिवशी ‘आपले प्रतिनिधी कोण?’ हे सत्र होते. भिंतीवर भारताचा नकाशा टांगला होता. वॉर्डाचा सदस्य, सरपंच, पंचायत समिती, जिल्हा परिषद, आमदार, खासदार अशी उतरंड आम्ही कागदावर काढत होतो. एवढ्यात पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका बाईंनी केरळच्या डावीकडे समुद्रातल्या ठिपक्यांवर बोट ठेवले. “ताई, इथं माणसं राहतात का?” मी म्हटले, राहतात. “मग त्यांचा आमदार कोण?” आमदार नसतो, तिथे विधानसभाच नाही, खासदार मात्र एक असतो, असे मी सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “एकच? मग तिथं बाईचा नंबर कधी लागायचा?”

सगळ्याजणी हसल्या. माझ्याकडे मात्र उत्तर नव्हते. स्त्रियांच्या राखीव जागांसाठी सह्या गोळा करताना, मोर्चे काढताना आपण ‘एक-तृतीयांश’ हा शब्द हजारदा उच्चारला असेल. पण जिथे जागाच एक आहे तिथे तिचा एक-तृतीयांश म्हणजे काय, हे मी स्वतःला कधी विचारले नव्हते. त्या बाईंच्या प्रश्नाने मला विचार करायला लावले. त्यातून जे हाती लागले ते मैत्रिणींपुढे ठेवते आहे.

नकाशावरचे ते ठिपके म्हणजे लक्षद्वीप. एकूण छत्तीस बेटे आणि त्यांतल्या दहांवर वस्ती. सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साधारण साडेचौसष्ट हजार. त्यातले जवळजवळ ९५ टक्के लोक अनुसूचित जमातीत मोडतात आणि बहुतेक सारे मुसलमान आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा केंद्रशासित प्रदेश झाला. पण आपला खासदार निवडायला तिथल्या लोकांना १९६७ साल उजाडावे लागले. तोपर्यंत राष्ट्रपतींनी नेमलेला एक सदस्य लोकसभेत बसत असे. १९६५ साली कायदा झाला आणि १९६७ साली बेटांवर पहिल्यांदा लोकसभेसाठी मतदान झाले.

१९६७ च्या त्या निवडणुकीत पी. एम. सईद अपक्ष म्हणून निवडून आले आणि त्यानंतर १९९९ पर्यंत ओळीने दहा वेळा तेच निवडून येत राहिले. पुढे ते लोकसभेचे उपाध्यक्षही झाले. २००४ साली त्यांचा ७१ मतांनी पराभव झाला. २०२४ साली त्यांचेच चिरंजीव पुन्हा निवडून आले. नेमलेले आणि निवडून आलेले धरून आजवर लक्षद्वीपचे पाच प्रतिनिधी लोकसभेत बसले आहेत. पाचही पुरुष. राज्यसभेत या बेटांना जागा नाही. विधानसभा नाही, विधान परिषद नाही. दिल्लीच्या संसदेत साऱ्या बेटांच्या वतीने बोलणारा एकच आवाज, आणि तो कधीही बाईचा नव्हता.

कोणी म्हणेल, त्या समाजात बायका मागे असतील, पडद्यात असतील, म्हणून असे झाले असेल. आणि इथेच आपली समजूत चुकते.

आपल्या लीला दुबे यांचे नाव बऱ्याचजणींना माहीत असेल. स्त्रियांच्या दर्जाचा अभ्यास करण्यासाठी भारत सरकारने नेमलेल्या आणि १९७४ साली अहवाल देणाऱ्या समितीच्या त्या सदस्य होत्या. मूळच्या मराठी घरातल्या या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ साली लक्षद्वीपच्या मुस्लिम समाजावर पुस्तक लिहिले. त्यांनी दाखवलेले चित्र आपल्या साच्यात बसत नाही. इथे वंश आईकडून चालतो. मुलगी लग्नानंतर सासरी जात नाही, आईच्याच घरात राहते. रात्री नवरा तिच्याकडे येतो आणि दिवसा आपल्या आईच्या घरी असतो. आईच्या वंशाच्या एकत्र घराण्याला तरवाड म्हणतात. तरवाडाच्या सामाईक मालमत्तेला बेटावर ‘शुक्रवारची मालमत्ता’ म्हणतात आणि ती आईच्या बाजूनेच पुढे जाते. स्वतः कमावलेली ती ‘सोमवारची मालमत्ता’, तिची वाटणी शरियतप्रमाणे होते. म्हणजे इस्लामही आहे आणि मातृवंशही आहे, आणि दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या एका घरात नांदले आहेत. मुस्लिम बाई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे एकच चित्र उभे राहते, त्याला हा चांगला धडा आहे.

पण नुसते भारावून जाण्यातही अर्थ नाही. घर बाईचे, वंश बाईचा, तरी तरवाडाचा कारभार पाहणारा तो कारणवर, म्हणजे घराण्यातला वडीलधारा पुरुष. बहुतेक वेळा आईचा भाऊ किंवा मामा. नारळाच्या बागेचा हिशेब तो ठेवणार, बाहेरच्यांशी बोलणी तो करणार, घराण्याच्या वतीने शब्द तो देणार. मालकी बाईच्या नावाने आणि शब्द पुरुषाचा. मातृवंश म्हणजे मातृसत्ता नव्हे, हा फरक आपण अभ्यासवर्गात शिकवतो. तो इथे उघड दिसतो.

मला वाटते, बेटांचे संसदेतले प्रतिनिधित्व हेही याच पद्धतीने चालत आले आहे. एक कारणवर दिल्लीला जातो आणि सगळ्यांच्या वतीने बोलतो. तो चांगला असेल, कष्टाळू असेल, प्रश्न त्या माणसाचा नाहीच. जागा एकच असली की ती घराण्यातल्या, पक्षातल्या, बेटावरच्या सर्वांत वजनदार पुरुषाकडेच जाते. दुसरी जागा असती तर कदाचित एखाद्या पक्षाने ‘एक बाईला देऊन पाहू’ असा विचार तरी केला असता. एका जागेत तेवढीही फट राहत नाही.

या एकुलत्या खासदाराच्या हातात तरी काय असते? राज्यघटनेच्या २४० व्या कलमान्वये लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारसारख्या केंद्रशासित प्रदेशांसाठी राष्ट्रपतींना, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारला, विनियम करता येतात. या विनियमाने संसदेने केलेला कायदासुद्धा त्या प्रदेशापुरता बदलता किंवा रद्द करता येतो. महाराष्ट्रात जमिनीचा कायदा बदलायचा तर विधानसभेत निदान आरडाओरडा होतो, सभात्याग होतो, वर्तमानपत्रात छापून येते. बेटांवर तीच गोष्ट प्रशासकाच्या कचेरीत मसुदा तयार करून आणि दिल्लीची मोहोर उठवून होऊ शकते. तिथल्या खासदाराला सभागृहात त्यावर मत देण्याची वेळच येत नाही.

२०२१ साली हे सगळ्या देशाला दिसले. त्या वर्षी लक्षद्वीप प्रशासनाने एकामागून एक मसुदे पुढे आणले. त्यांतला एक विकास प्राधिकरणाचा होता. नियोजनाच्या नावाखाली बेटावरची जमीन ताब्यात घेण्याचे मोठे अधिकार त्यात प्रशासनाला मिळणार होते. दुसरा विना चौकशी स्थानबद्ध करण्याचा होता. तिसरा गोवंश हत्याबंदीचा, चौथा पंचायतीचा. लोक हादरले. ७ जून २०२१ रोजी बेटांवरच्या लोकांनी आपापल्या घरीच बारा तासांचे उपोषण केले. ३१ मे रोजी केरळच्या विधानसभेने एकमताने ठराव करून प्रशासकांना परत बोलावण्याची मागणी केली. थोडा विचार करा. बेटांना स्वतःची विधानसभा नाही, म्हणून शेजारच्या राज्याच्या विधानसभेला त्यांच्या वतीने बोलावे लागले.

या मसुद्यांची चर्चा गोमांस, दारू आणि पर्यटन यांवर फार झाली. बाईच्या नजरेने फार थोड्यांनी पाहिले. जिथे बाई लग्नानंतरही आईच्याच घरात आणि आईच्याच जमिनीवर राहते, तिथे जमीन ताब्यात घेण्याचा कायदा हा आधी बाईच्या निवाऱ्याचा कायदा असतो. आपल्याकडची बाई नवऱ्याने टाकली तर माहेरच्या ओसरीवर उपऱ्यासारखी येते. बेटावरच्या बाईला तसे यावे लागत नाही, कारण ती मुळात घर सोडूनच गेलेली नसते. घटस्फोट झाला तरी तिचे छप्पर शाबूत राहते. आपण ज्या निवाऱ्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडतो आहोत, तो तिला परंपरेने मिळालेला आहे. तो काढून घेऊ शकणारा मसुदा लिहिताना तिला कोणी विचारले होते का?

पंचायतीच्या मसुद्यात स्त्रियांसाठी ५० टक्के जागा ठेवण्याचे म्हटले होते. १९९४ च्या विनियमाने तिथे एक-तृतीयांश जागा होत्याच, त्या निम्म्या होणार होत्या. चांगली गोष्ट. पण त्याच मसुद्यात दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्यांना निवडणूक लढवण्यास बंदी घालण्याची अटही होती. हे वाचल्यावर महाराष्ट्रातल्या कार्यकर्तींना वेगळे काही सांगायला नको. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या उमेदवारांना ही अट लागली तेव्हा आपण काय काय पाहिले! तिसरे मूल व्हावे की न व्हावे हे ठरवायचा अधिकार जिला घरात नाही, तिचेच पद जाते. मुलगा हवा म्हणून बाळंतपण लादणारे मोकळे राहतात. एका हाताने राखीव जागा द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यापर्यंत जायचा रस्ता बंद करायचा, हा अनुभव आपला आहे. बेटावरच्या बायकांपर्यंत आपण तो पोचवला का? मला तरी तसे काही आठवत नाही.

त्याच जून महिन्यात चेतलत बेटावरची चित्रपट दिग्दर्शिका आयशा सुलताना दूरदर्शनच्या एका वाहिनीवरील चर्चेत प्रशासनाविरुद्ध बोलली. तिच्या एका कठोर शब्दाबद्दल कवरत्तीच्या पोलिसांत तिच्यावर राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला. केरळ उच्च न्यायालयाने तिला अटकपूर्व जामीन दिला. तिचा तो शब्द योग्य होता की नाही यावर मतभेद असू शकतात. पण खासदाराने सभागृहात कितीही कडक शब्द वापरला तरी घटना त्याला संरक्षण देते. बेटावरच्या बाईला ते सभागृह आजवर मिळालेलेच नाही. तिला बोलायला वाहिनीचा स्टुडिओ मिळाला, आणि तिथून पुढे पोलीस ठाणे.

एकाच माणसावर सारे सोपवण्याचा आणखी एक धोका २०२३ मध्ये दिसला. जानेवारीत तिथल्या तेव्हाच्या खासदारांना एका फौजदारी खटल्यात शिक्षा झाली आणि त्यांचे सदस्यत्व गेले. उच्च न्यायालयाने दोषसिद्धी स्थगित केल्यावर मार्चअखेर ते परत मिळाले. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा गेले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबरमध्ये पुन्हा मिळाले. खटल्याच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. मुद्दा एवढाच की या काळात बेटांचे संसदेतले प्रतिनिधित्व शून्य झाले. महाराष्ट्रातला एक खासदार गेला तर सत्तेचाळीस उरतात. तिथे एक गेला की कोणीच उरत नाही.

ही गोष्ट फक्त लक्षद्वीपची नाही. अंदमान-निकोबारलाही लोकसभेत एकच जागा आहे आणि तिथूनही आजवर एकही बाई निवडून आलेली नाही. १९५२ साली राष्ट्रपतींनी तिथून नेमलेले पहिले सदस्य बिशप जॉन रिचर्डसन हे निकोबारी होते. त्यानंतर मात्र ही जागा मुख्य भूमीतून येऊन स्थायिक झालेल्या समाजातल्या पुरुषांकडेच राहिली. मिझोरामला एकच जागा आहे, तिथूनही लोकसभेत बाई गेलेली नाही. नागालँडमधून १९७७ साली रानो शैझा गेल्या, त्यानंतर कोणी नाही. लडाखमधून त्याच साली पार्वती देवी गेल्या, त्यानंतर कोणी नाही. दादरा-नगर हवेलीतून २०२१ साली कलाबेन डेलकर निवडून आल्या, त्या पतीच्या निधनामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर. चंदीगड आणि सिक्कीम यांसारखे अपवाद आहेत, नाही असे नाही. पण अपवादाने जे मिळते त्याला हक्क म्हणत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येते. एक जागा असली तर बाईचा नंबर कधी? गंमत म्हणजे या प्रश्नाचे उत्तर कोणाला सुचलेच नव्हते असे नाही. १९९६ साली स्त्रियांच्या राखीव जागांचे पहिले विधेयक आले आणि ते गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. तीनपेक्षा कमी जागा असलेल्या राज्यांतही राखीव जागा मिळाव्यात, अशी शिफारस त्या समितीने केली. पुढे २००८ साली मांडलेल्या आणि मार्च २०१० मध्ये राज्यसभेने संमत केलेल्या विधेयकात त्याची सोपी रीत लिहिली होती. ज्या राज्यात किंवा केंद्रशासित प्रदेशात एकच जागा असेल, तिथे तीन निवडणुकांच्या दर फेरीत पहिल्या निवडणुकीला ती जागा स्त्रियांसाठी राखीव राहील. हिशेब साधा होता. तीनदा निवडणूक, त्यात एकदा बाई. ते विधेयक लोकसभेत पडून राहिले आणि २०१४ साली लोकसभेबरोबर संपले.

सप्टेंबर २०२३ मध्ये नवा कायदा झाला. आपण आनंद केला, पेढे वाटले. राखीव जागा जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला जोडल्याबद्दल आपण नाराजीही व्यक्त केली, आणि ती रास्त होती. २०२४ ची निवडणूक त्याशिवायच झाली आणि ५४३ जणांत ७४ बायका निवडून आल्या. पण एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटली. २०२३ साली संमत झालेल्या मजकुरात एका जागेच्या प्रदेशांविषयीची ती तरतूद नाही. एकूण जागांच्या जवळपास एक-तृतीयांश जागा स्त्रियांना, अनुसूचित जमातींच्या राखीव जागांतल्याही जवळपास एक-तृतीयांश त्या जमातींच्या स्त्रियांना, आणि फेरपालट संसद कायद्याने ठरवेल तशी, एवढेच त्यात म्हटले आहे. लक्षद्वीपची जागा अनुसूचित जमातीची असल्यामुळे कधीतरी तिचा क्रमांक लागेलही. पण लागलाच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. देशाचा एक-तृतीयांश हिशेब इतर राज्यांत पुरा झाला, तर बेटे पुन्हा तशीच राहू शकतात.

याला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की एकच जागा राखीव केली तर तिथल्या पुरुषांनी लढायचे कुठे? प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पाच वर्षे एखाद्या समाजातल्या अर्ध्या लोकांना उमेदवारीच नाही, हे कोणालाही खटकेल. पण १९६७ पासून बायकांना उमेदवारीची मनाई नसूनही त्या तिथे पोचलेल्या नाहीत, हे कोणाला कधी खटकले? यावर दुसराही मार्ग आहे. १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत अनेक मतदारसंघांतून दोन-दोन खासदार निवडले जात, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. १९६१ साली ती पद्धत बंद झाली. बेटांसाठी तिचा पुन्हा विचार का करू नये? एक मतदारसंघ, दोन प्रतिनिधी, त्यांतली एक बाई. केंद्रशासित प्रदेशांचे प्रतिनिधी कसे निवडायचे हे कायद्याने ठरवण्याची मुभा घटनेच्या ८१ व्या कलमाने संसदेला दिली आहे. अठ्ठावन्न हजार मतदारांना दोन खासदार म्हणजे फार झाले, असे म्हणतील. पण ज्यांना आमदार नाही, राज्यसभेत जागा नाही, त्यांचा हिशेब नुसत्या डोक्यांच्या संख्येने करता येत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा आहे. बाई खासदार झाली म्हणून काय होणार? कारभार तर प्रशासकाच्या हातात. हे मला पटते. म्हणूनच एकटी राखीव जागा मागून भागणार नाही. २४० व्या कलमाखालचा कोणताही विनियम करण्याआधी त्याचा मसुदा बेटांच्या भाषांत, म्हणजे मल्याळममध्ये आणि मिनिकॉयच्या महलमध्ये, प्रसिद्ध झाला पाहिजे. त्यावर ग्रामसभेत आणि वेगळ्या महिला ग्रामसभेत चर्चा झाली पाहिजे. त्यानंतर तो संसदेत चर्चेसाठी आलाच पाहिजे. जमीन, घर, वारसा यांना हात लावणाऱ्या विनियमाला पंचायतीच्या संमतीची अट हवी. आणि लांब पल्ल्याची मागणी म्हणून बेटांना स्वतःचे निवडून आलेले सभागृह हवे. या सगळ्याबरोबर बाईची जागा मागितली, तर ती जागा शोभेची राहणार नाही.

मग आपण काय करायचे? राखीव जागांच्या फेरपालटाचा कायदा जेव्हा संसदेपुढे येईल, तेव्हा १९९६ च्या समितीची ती शिफारस आपल्या निवेदनांत आली पाहिजे. आपल्या महाराष्ट्रातून २०२४ साली सात बायका लोकसभेत गेल्या आहेत. त्यांच्यापुढे हा प्रश्न नेऊया. बेटांवरच्या पंचायत सदस्य बायकांशी पत्रव्यवहार करूया. त्यांना काय हवे ते त्यांनीच सांगावे. त्यांच्या वतीने बोलणारा आणखी एक कारणवर होण्याची आपल्याला गरज नाही.

शिबिरातल्या त्या बाईंना मी उत्तर कळवले आहे. तीन निवडणुकांत एकदा नंबर लागेल अशी सोय एका विधेयकात होती, पुढच्या कायद्यातून ती गळली, आणि आपल्या ध्यानात आले नाही. त्यांनी निरोप पाठवला, “मग आता ध्यानात आलंय ना? लिहा की तसं.” म्हणून लिहिले. आता हा विषय आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत घ्यावा, ही विनंती.